फाल्गुनातली नाशिकची वाइनरी: एका दिवसात काय बघायचं, किती चाखायचं आणि गाडी कोणी चालवायची

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि मुंबईकरांना नाशिक आणखी जवळ आलं. कसारा घाटातल्या वळणांऐवजी आता जवळपास आठ किलोमीटरचा सरळ बोगदा आहे. पूर्वी लोणावळ्याचा बेत जसा आदल्या रात्री ठरायचा, तसा आता 'सकाळी निघू, वाइनरी बघू, रात्री घरी' हा बेत ठरतो.

बेत ठरतो, पण तारीख चुकते. मुलांच्या परीक्षा संपल्या की जाऊ म्हणून एप्रिलच्या अखेरीस निघालेल्यांना बागेत दिसतात ते उघडे खुंट, तारेवर पसरलेले ओलांडे (वेलीच्या कायमच्या आडव्या फांद्या) आणि जमिनीवर छाटलेल्या काड्यांचे ढीग. कारखान्यात क्रशर धुऊन ठेवलेला असतो, टाक्या बंद असतात. खर्च तेवढाच होतो, प्रवास तेवढाच होतो आणि बघण्यासारखं सगळं महिनाभरापूर्वी होऊन गेलेलं असतं. म्हणून आधी वेलीचं वर्ष समजून घेऊ. ते कळलं की बाकीचा बेत आपोआप बसतो.

वसंतात खुडा (द्राक्षांची तोडणी) का?

थंड देशांत द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाते, मार्च-एप्रिलमध्ये फुटते आणि तिचा माल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतो. तिथे वसंतात वाइनरी बघायला गेलात तर वेलींवर फक्त कोवळी फूट दिसेल. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. इथली थंडी वेलीला झोपवण्याइतकी कडक नसते. मग वेलीचं वर्ष कोण ठरवतं? शेतकऱ्याची कात्री. आंब्याला मोहोर कधी यायचा ते हवामानाच्या हाती. द्राक्षाला घड कधी यायचे ते बऱ्याच अंशी छाटणीच्या तारखेवर.

ही छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराला 'खरड छाटणी': सगळ्या जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत खरडून काढायच्या. नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या लख्ख उजेडात त्यांच्या डोळ्यांमध्ये (कोंब फुटायच्या जागी) पुढच्या घडांची बीजं तयार होतात. शेतकरी याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, पण पुढच्या वर्षीचं उत्पन्न इथेच ठरतं. पावसाळ्यात वेलीवर पानं असतात, फळ नसतं. मग पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'गोडी छाटणी' होते आणि त्यानंतर घड बाहेर पडतात.

एवढा खटाटोप फळाला पावसापासून लांब ठेवण्यासाठी. ओल्या हवेत डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग घड खाऊन टाकतात, पिकत आलेल्या मण्यांवर पाऊस पडला तर मणी तडकतात आणि घड सडतो. दोन छाटण्यांमुळे फळ वाढतं कोरड्या, थंड दिवसांत. डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला मण्यांत 'पाणी उतरतं', म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडतो आणि गोडी धरू लागतो. जानेवारीपासून मार्चपर्यंत खुडा चालतो. पांढऱ्या वाइनच्या जाती साधारणपणे आधी येतात, कॅबर्ने सोविन्यॉसारख्या काळ्या जाती शेवटी.

मुंबईकरांसाठी उत्तम काळ फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा दुसरा आठवडा. शिमग्यानंतर दुपारचं ऊन 35 अंशांकडे जातं आणि बागेत फिरायची हौस राहत नाही. बेमोसमी पाऊस किंवा गारपिटीचा अंदाज आला तर माल घाईने उतरवला जातो, त्यामुळे दोन दिवस आधी वाइनरीला फोन करून एकच प्रश्न विचारा: 'या आठवड्यात कुठल्या जातीचा खुडा आहे?' नुसतं 'चालू आहे का' विचारलं तर उत्तर नेहमी 'चालू आहे, या' असंच मिळतं.

हे द्राक्ष बाजारातलं नव्हे

दादरच्या बाजारात मिळणारं लांबट, बिनबियांचं थॉमसन किंवा सोनाका हे खायचं द्राक्ष. वाइनचा मणी त्यापुढे अगदी बारीक: वाटाण्याएवढा किंवा थोडा मोठा, जाड सालीचा, आत दोन-तीन बिया. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो निकृष्ट वाटतो. प्रत्यक्षात वाइनचा रंग, बराचसा वास आणि जिभेवर येणारा तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. मणी जेवढा लहान तेवढी रसाच्या मानाने साल जास्त.

परवानगी घेऊन एक मणी तोंडात टाका. (न विचारता तोडू नका, बागेवर फवारणी झालेली असू शकते.) आधी गर चोखा, मग साल दातांनी चावा, शेवटी बी फोडा. बी तपकिरी आणि खोबऱ्यासारखी कुरकुरीत लागली तर मणी पिकलेला; हिरवी, कडू आणि लवचीक असेल तर अजून थांबायला हवं. खुड्याचा निर्णय घेणारी माणसं हेच करतात.

त्यांच्या खिशात आणखी एक वस्तू असते: वीतभर लांबीचा, छोट्या दुर्बिणीसारखा रिफ्रॅक्टोमीटर. त्याच्या तिरक्या काचेवर मणी पिळून रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत एक मोजपट्टी दिसते, वरचा भाग निळा, खालचा पांढरा. दोन्ही रंगांची रेघ जिथे मिळते तो आकडा म्हणजे ब्रिक्स: 100 ग्रॅम रसात साधारण किती ग्रॅम साखर आहे त्याचं माप. खायच्या द्राक्षाला 18च्या आसपास चालतं. वाइनचं द्राक्ष 20 ते 24पर्यंत नेतात. हातात घेऊन बघायला मागा. आनंदाने देतात.

या आकड्यावरच बाटलीवर छापलेला अल्कोहोलचा टक्का ठरतो. लिटरभर रसातली 17 ग्रॅमच्या आसपास साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल बनतं. म्हणून 22 ब्रिक्सच्या रसाची वाइन 12.5 ते 13 टक्क्यांच्या घरात जाते.

टाकीपाशी काय चालू असतं

खुडा पहाटे सुरू होतो आणि ऊन चढायच्या आत आटोपतो. तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच फुटून आंबू लागतं आणि त्याचा वास उतरतो. त्यामुळे मुंबईहून नऊ-दहाला पोचणाऱ्यांना प्रत्यक्ष खुडा क्वचितच दिसतो, पण क्रेट येत असतात, देठ काढणारं यंत्र चालू असतं आणि रस टाकीत जात असतो. बघण्यासारखं ते आहे.

पांढऱ्या आणि लाल वाइनमधला फरक इथे डोळ्यांसमोर उलगडतो. पांढरीसाठी द्राक्ष दाबून रस काढतात, साल बाजूला करतात आणि नुसता रस 14 ते 18 अंशांवर सावकाश आंबवतात. लालसाठी साल-बियांसकट सगळा लगदा टाकीत जातो आणि 25 अंशांच्या आसपास आठवडा-दहा दिवस आंबतो. काळ्या द्राक्षाचाही गर बहुतेक जातींत पांढुरकाच असतो. रंग सालीत असतो. काढा उकळताना पाला जेवढा वेळ पाण्यात राहील तेवढा रंग आणि कडूपणा उतरतो, तसंच हे.

आंबवण्याचं काम यीस्ट करतं. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं, तसा इथेही वायू सुटतो, पण यीस्टला मिळते ती निव्वळ साखर. साखर खायची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा. या वायूच्या जोराने लाल वाइनच्या टाकीत साली वर येऊन जाड थर साचतो, त्याला टोपी म्हणतात. ही टोपी तशीच ठेवली तर वरून वाळते, तिच्यावर व्हिनेगर करणारे जिवाणू वाढतात आणि खालच्या रसाला रंग मिळत नाही. म्हणून दिवसातून अनेकदा खालचा रस पंपाने वर चढवून टोपीवर सोडतात. जांभळा फेस, गरम ओलसर वास आणि पंपाचा आवाज, हे दृश्य वर्षातून फक्त याच दिवसांत दिसतं. वाइनरीतला माणूस 'आता पंप लावतोय' म्हणाला की टेस्टिंग पाच मिनिटं थांबवा आणि तिकडे जा.

दोन सूचना गंभीरपणे घ्या. उघड्या टाकीवर वाकून वास घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तोंडाशी साचतो आणि एका श्वासात भोवळ येऊ शकते. आणि चप्पल घालून जाऊ नका. फरशी कायम ओली आणि निसरडी असते.

बुडबुड्यांची, म्हणजे स्पार्कलिंग वाइन करणाऱ्या ठिकाणी गेलात तर जाड काचेच्या बाटल्या दिसतील. पारंपरिक पद्धतीत दुसऱ्यांदा आंबवणं त्या बंद बाटलीतच होतं आणि आतला दाब सहा वातावरणांपर्यंत जातो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट. त्या बाटल्यांना हात लावू नका.

पायाने द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम हा पाहुण्यांचा खेळ आहे. पोरांना आवडतो, जरूर करा. कारखान्यात ते काम यंत्रच करतं.

दिवसाचा हिशेब: दोनच वाइनरी

चार वाइनरी एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. एका ठिकाणी फेरी, टेस्टिंग आणि थोडं बसणं मिळून दोन-अडीच तास जातात. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकलेली असते, चौथ्या ठिकाणी काय प्यायलो ते आठवत नाही.

नाशिकच्या वाइनरी तीन बाजूंना विखुरलेल्या आहेत, आणि बेत बिघडतो तो याच अंतरांमुळे. गंगापूर धरणाची बाजू शहराच्या पश्चिमेला: सुला, सोमा इथे आहेत. दिंडोरीची बाजू उत्तरेला, तिथे शॅन्डॉन. तिसरी इगतपुरी-मुकणे धरणाची बाजू मुंबईहून येताना नाशिकच्या आधीच लागते: व्हॅलोने, ग्रोव्हर झम्पा. एका दिवसासाठी एकच बाजू निवडा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एक मोठी वाइनरी घ्यावी, जिथे फेरी नीट आखलेली असते, आणि एक लहान, जिथे वाइन करणारा माणूस स्वतः भेटायची शक्यता असते. खरी माहिती या लहान ठिकाणी मिळते.

गाडीने निघायचं तर सकाळी सहाच्या आत ठाणं सोडा. भिवंडी बायपासला ट्रकांच्या रांगेत अडकलात तर समृद्धीवर वाचवलेला वेळ तिथेच जातो. दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही. परतीचा रविवार संध्याकाळचा भिवंडी-ठाणे पट्टा हा या सहलीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग. शक्य असेल तर शनिवार निवडा, किंवा सुट्टी काढून मधला वार.

आगगाडी हा उत्तम मार्ग आहे. सीएसएमटीहून शिर्डीला जाणारी वंदे भारत सकाळी सव्वासहाच्या सुमाराला सुटते, दादर-ठाण्याला थांबते आणि नऊच्या आसपास नाशिक रोडला पोचवते. संध्याकाळी हीच गाडी साडेसातच्या सुमाराला नाशिक रोडहून परत मिळते. तिकीट काढताना वेळ आणि वार तेवढा तपासा. स्टेशन ते गंगापूर धरण वीस-पंचवीस किलोमीटर आहे, तेव्हा टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा. वाइनरीच्या दारात संध्याकाळी रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. दहाला पहिली वाइनरी, एकला जेवण, तीनला दुसरी, सव्वासहाला स्टेशनकडे.

शनिवार-रविवारचं बुकिंग आठवडाभर आधी करा. 26 जानेवारीला ड्राय डे असतो, निवडणुकांच्या दिवसांतही दारूविक्री बंद असते. वयाचा पुरावा प्रत्येकाने जवळ ठेवावा. 21च्या आतल्यांना टेस्टिंग मिळत नाही.

'पाच घोटांनी काय होतं?'

हा प्रश्न प्रत्येक गटात एक जण विचारतो, आणि बहुधा गाडी चालवणाराच विचारतो. उत्तर आकड्यांत देता येतं.

टेस्टिंगमध्ये साधारण 30 मिलीचे पाच ओत मिळतात, म्हणजे 150 मिली. वाइन 13 टक्क्यांची धरली तर त्यात शुद्ध अल्कोहोल 19.5 मिली, वजनाने सुमारे 15 ग्रॅम. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या छोट्या पेगात अल्कोहोल सुमारे 13 मिली असतं. म्हणजे हे 'पाच घोट' दीड पेग झाले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. 70 किलोच्या पुरुषाने हे पाच ओत रिकाम्या पोटी भरभर घेतले तर तो ढोबळमानाने या रेषेवर पोचतो. 55 किलोच्या बाईच्या रक्तात तेवढ्याच वाइनने 50च्या आसपास आकडा जाऊ शकतो, कारण वजन कमी आणि शरीरातलं पाण्याचं प्रमाणही कमी. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याने तोंड धुणं यांनी ते भरभर उतरत नाही. आणि हे फक्त पहिल्या वाइनरीचं झालं. दुपारी दुसरी आहे.

पहिल्या गुन्ह्याला 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. रात्रीचा महामार्ग, थकलेला चालक आणि मागच्या सीटवर झोपलेली माणसं आहेत. चालकाने शून्य घ्यायचं. त्याला चव घ्यायचीच असेल तर टेबलावर थुंकण्यासाठी भांडं मागा. वाइन चाखून थुंकणं हा या व्यवसायातला रोजचा शिष्टाचार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तरीही थोडं अल्कोहोल तोंडातून शोषलं जातंच, म्हणून पगारी ड्रायव्हर किंवा आगगाडी हेच चांगलं.

चाखायचं कसं

सकाळी नाशिकची मिसळ खाऊन थेट टेस्टिंगला बसू नका. रिकाम्या पोटीही नको. पोहे, उपमा, ब्रेड-ऑम्लेट असं बेताच्या तिखटाचं खा. मिसळ परतीच्या वाटेवर. अत्तर, तंबाखू, सुपारी, पुदिन्याचं च्युइंगम यांनी नाक आणि जीभ दोन्ही बंद होतात.

ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. हलवायच्या आधी एकदा हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा हुंगा. पहिल्या आणि दुसऱ्या वासात फरक जाणवतो. फ्रेंच शब्द पाठ करण्याची गरज नाही. सोविन्यॉ ब्लां या पांढऱ्या वाइनला हिरव्या मिरचीचा किंवा पेरूचा वास येतोय असं वाटलं तर तसंच म्हणा; आपल्या नाकाला पेरू ओळखीचा आहे. शिराज या लाल वाइनमध्ये मिरी शोधा. घोट घेतल्यावर तोंडाला पाणी सुटलं तर तो आंबटपणा. कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ आणि हिरड्या ओढल्या गेल्या तर ते टॅनिन, सालीतून आणि बियांतून आलेलं तुरट द्रव्य.

नवख्यांचा हिरमोड एकाच गोष्टीने होतो: द्राक्षाची म्हणून गोड असेल असं वाटतं आणि ती आंबट-तुरट निघते. बरोबरच आहे, साखर यीस्टने खाल्लेली असते. अशा, साखर न उरलेल्या वाइनला 'ड्राय' म्हणतात. गोड हवी असेल तर उशिरा खुडलेल्या द्राक्षांची शेनिन ब्लां मागा, ती 'लेट हार्वेस्ट' नावाने मिळते.

'वाइन म्हणजे दारू नाही ना?'

महाराष्ट्रात हा प्रश्न जानेवारी 2022 मध्ये जोरात गाजला. राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, त्याला मोठा विरोध झाला. शेतकऱ्यांना बाजार मिळावा हे म्हणणं खरं आहे. नाशिकच्या बागाईतदारांना 2001च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून या उद्योगाचा आधार आहे. पण त्यावरून 'वाइन म्हणजे फळाचा रस' असं म्हणणं चूक आहे. 750 मिलीच्या एका बाटलीत सात-साडेसात छोट्या पेगांइतकं अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. गरोदर बायकांनी, यकृताचे आजार असलेल्यांनी आणि झोपेची किंवा वेदनाशामक औषधं चालू असलेल्यांनी चाखूसुद्धा नये. हृदयासाठी म्हणून प्यायला सुरुवात करणं तर मुळीच नको.

'मग न पिणाऱ्यांनी यायचं कशाला?'

बाग बघायला, खुडा बघायला, टाकीवरचा जांभळा फेस बघायला. रस आंबून त्याचं दुसरंच काही होताना बघणं हा विज्ञानाचा उत्तम धडा आहे, आणि त्यासाठी एक थेंबही प्यावा लागत नाही. फेरीचं तिकीट टेस्टिंगशिवाय मिळतं का ते बुकिंगच्या वेळी विचारा. काही ठिकाणी न आंबवलेला द्राक्षरस मिळतो. खुड्याच्या दिवसांत टाकीत जाण्याआधीचा ताजा रस चाखायला मिळाला तर सोडू नका: दाट, विलक्षण गोड आणि मागून आंबट. आजी-आजोबा बरोबर असतील तर बागेत चढ-उतार आणि ढेकळं किती आहेत ते आधी विचारा आणि फेरी अकराच्या आत उरकून घ्या.

बाटल्या घरी आणायच्या तर

मार्चच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत 50 अंशांपर्यंत तापमान जाऊ शकतं. तासाभरात वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं, कडेने थेंब झिरपतात, आणि घरी उघडल्यावर शिजवलेल्या जामसारखा वास येतो. म्हणून खरेदी दुसऱ्या वाइनरीत, निघताना करा. बाटल्या डिकीत नको, एसी लागतो तिथे, सीटच्या पायाशी टॉवेलात गुंडाळून ठेवा. स्पार्कलिंगची बाटली तर उन्हात एक मिनिटही ठेवू नका. बिल जपून ठेवा.

घरी फ्रिजच्या वर किंवा ओट्याजवळ ठेवण्याची सवय मोडा. मुंबईच्या घरात सगळ्यात बरी जागा म्हणजे कपाटाचा खालचा, भिंतीकडचा, अंधारा कप्पा. बूच असेल तर बाटली आडवी, फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दीड वर्षात पिण्यासाठीच केलेल्या असतात. 'जुनी झाली की चांगली होईल' म्हणून ठेवली तर ती चपटी आणि पिवळट होते. उघडलेली पांढरी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, लालही फ्रिजमध्येच ठेवा आणि पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. मुंबईच्या 32 अंशांत 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम लागू पडत नाही. तिला 16 ते 18 अंश हवे असतात.